मदत हवी आहे: बॉल पायथनचं पिल्लू काहीच खात नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे बॉल पायथनचं (अजगराच्या एका लहान, पाळल्या जाणाऱ्या जातीचं) पिल्लू आहे. मादी आहे, नाव गोटी. दिवाळीनंतर पुण्याच्या एका ब्रीडरकडून घेतली. परिवेश या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आणि मालकी बदलल्याचे कागद सगळे नीट आहेत, म्हणून चर्चा कृपया तिच्या खाण्यावरच ठेवा.

ब्रीडरकडे ती व्यवस्थित खात होती असं तो सांगतो. आमच्याकडे आल्यापासून तिनं काहीच खाल्लेलं नाही आणि आता महिना उलटला. आली तेव्हा वजन ७६ ग्रॅम होतं, आज ७२ भरलं. तशी सुस्त नाही. रात्री फिरते, जीभ बाहेर काढून हुंगते, पाणी पिताना मी स्वतः पाहिलं आहे. पण उंदीर समोर आला की मान आत ओढते आणि गोळा होऊन बसते.

राहण्याची सोय अशी: दोन फुटी काचेची टाकी, खाली वर्तमानपत्र, एका टोकाला लपायला मातीची कुंडी आडवी ठेवलेली, दुसऱ्या टोकाला पाण्याचं भांडं. कुंडीखाली हीट मॅट आहे, थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलाय. टाकी हॉलमध्ये असते. आम्ही मनीषनगरला राहतो, आणि नागपूरची सध्याची थंडी इथल्यांना सांगायला नको. पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये रूम हीटर लावतो.

खायला फ्रोझन फझी, म्हणजे नुकतं केस आलेलं उंदराचं गोठवलेलं पिल्लू देते. कोमट पाण्यात वितळवून, पुसून, लांब चिमट्यानं. दर दोन-तीन दिवसांनी देऊन पाहते.

ओळखीतल्या एकानं सांगितलं की तोंड उघडून आत ढकल, भूक आपोआप लागेल. मला ते करायचं नाही. एवढ्याशा जिवाचा जबडा दुखावला तर काय करणार? दुसऱ्यानं कच्च्या चिकनचा तुकडा द्यायला सांगितला. शेजारच्या काकू दुधाची वाटी ठेव म्हणाल्या. त्यांचा जीव तुटतो म्हणून म्हणतात, पण साप दूध पचवत नाही, त्यामुळे ते केलं नाही.

एवढ्या लहान पिल्लानं किती दिवस उपास केला तर चालतो? आणि मी नेमकं काय बदलू? रात्री झोप लागत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (वर्धेहून)

ताई, आधी घाबरणं सोडा बापा. बॉल पायथन ही खाण्याच्या बाबतीत सगळ्यात हट्टी जात. मोठा साप महिनोन्महिने उपाशी राहून ठणठणीत असतो. पिल्लाजवळ तेवढा साठा नसते, म्हणून लक्ष ठेवावं लागते, पण ७६ चे ७२ म्हणजे हातपाय गाळायसारखं काही नाही. त्यातले एक-दोन ग्रॅम तर शी केल्यानंही कमी होतात.

मला तुमच्या उंदरापेक्षा तुमच्या टाकीची काळजी वाटून राहिली. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर कुठं चिकटवली आहे? काचेच्या बाहेरून, मॅटजवळ असली तर ३२ हे मॅटचं तापमान झालं, सापाचं नाही. हीट मॅट जमीन तापवते, हवा नाही. वरून जाळी उघडी, हॉल मोठा, बाहेर दहा-बारा अंश. अशात पहाटे टाकीतली हवा वीसच्या आसपास गेली असंल तर नवल नाही. थंड सापाला अन्न पचत नाही, अन् जे पचणार नाही ते तो घेतही नाही. घेतलं तरी दोन-तीन दिवसांनी ओकून टाकतो, अन् ते उपाशी राहण्यापेक्षा वाईट.

वायरचं टोक आत घ्या, कुंडीत जिथं ती बसते तिथं, कागदाखाली. तिथं ३१-३२ पाहिजे. थंड टोकाला २५-२७, रात्रीही २४ च्या खाली नको. तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावा. याचे दोन फायदे: ऊब टिकते अन् काच झाकली जाते. चारही बाजूंनी उघडं असलं की पिल्लू सतत भेदरलेलं राहते. हॉलमधून हलवून शांत खोलीत ठेवा. लपायच्या जागा दोन करा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, अन् इतक्या अरुंद की तिच्या अंगाला भिंती टेकल्या पाहिजे. आडव्या कुंडीचं तोंड मोठं असते, तिथं तिला आडोसा वाटत नाही.

अन् दर दोन-तीन दिवसांनी उंदीर दाखवणं आजपासून बंद. प्रत्येक वेळी चिमटा तोंडासमोर नाचला की तिच्यासाठी तो हल्लाच आहे. आठवड्यातून एकदा, बस. मधे हातातही घ्यायचं नाही, पाहुणे आले तरी नाही.

प्रतिसाद (पुण्याहून)

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. खाण्याबद्दल थोडं सांगतो.

ब्रीडरला एकच प्रश्न विचारा: तिथं ती जिवंत खात होती की फ्रोझन, आणि साधा उंदीर की रॅट, म्हणजे मोठ्या जातीचा? आपल्याकडे बरेच ब्रीडर पिल्लांना जिवंत पांढरा उंदीर देतात. तसं असेल तर तुमची फझी तिला अन्न म्हणून ओळखूच येत नसेल. हे साप मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. तिथं ते बिळातले उंदीर खातात. त्यांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात भक्ष्य त्यांनीच सापडतं. कोमट पाण्यातून काढून पुसेपर्यंत एवढीशी फझी गार होते. गार उंदीर म्हणजे तिच्यासाठी एक मऊ दगड.

मी असं करतो: आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा. संध्याकाळी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, म्हणजे अंग भिजत नाही आणि वासही जात नाही. उकळतं पाणी नको, पोट फुटतं. देण्याआधी हेअर ड्रायरनं डोक्याकडची बाजू तापवायची, ३८-४० अंशांपर्यंत. मायक्रोवेव्ह कधीच नाही. खोलीतला दिवा बंद, चिमट्यानं शेपटीकडून किंवा पाठीला धरून लपायच्या जागेच्या दाराशी हळूच हलवायचा. तोंडाला टोचायचा नाही. नाही घेतला तर दाराशी ठेवून रात्रभर निघून जायचं. काही पिल्लं कुणी बघत नसतानाच खातात. सकाळी तसाच असेल तर फेकून द्यायचा, परत फ्रीज करायचा नाही.

आकार तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. सत्तर ग्रॅमच्या पिल्लाला सात ते दहा ग्रॅमचा उंदीर. नुकती केस आलेली फझी त्याहून बरीच लहान असते, हॉपर (फझीहून मोठं, उड्या मारायला लागलेलं पिल्लू) बघा.

चिकनचा तुकडा नको. उंदरात हाडं, आतडी, यकृत सगळं असतं, नुसत्या मांसात कॅल्शियम नाही.

प्रतिसाद (नागपूरहून)

पशुवैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी आहे. एका बाबतीत ठाम सांगते: जबरदस्तीनं भरवणं हा डॉक्टरांच्या हातचा शेवटचा उपाय आहे, घरचा प्रयोग नाही. अन्न श्वासनळीत जाऊ शकतं, तोंडातली त्वचा फाटून संसर्ग होतो, आणि एवढ्या ताणानंतर पिल्लू खाल्लेलं ओकतं.

जिवंत उंदीर द्यायची वेळ आलीच तर डोळे उघडलेला उंदीर तिच्याजवळ सोडून जाऊ नका. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि ते घाव फार वाईट असतात.

दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर वजन घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, टोपलीचं वजन वजा करून. सुरुवातीच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे तुमच्या बाबतीत वजन ६८ ग्रॅमच्या खाली गेलं, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडातून चिकट बुडबुडे, मान वर करून आकाशाकडे बघत राहणं, कणा वर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण जाण्याआधी फोन करून साप तपासणारे डॉक्टर कधी असतात ते विचारून घ्या. नेताना कापडी पिशवीत घालून थर्मोकोलच्या डब्यात न्या, गाडीवर वारा लागू देऊ नका.

आणि रूम हीटर हवा कोरडी करतो. एक साधा आर्द्रतामापक आणा. ६० टक्क्यांच्या आसपास हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वायर खरंच बाहेरून होती. आत घेतल्यावर कुंडीत २६ दिसलं, पहाटे हवा २१. आता थर्मोकोल लावलं, टाकी आतल्या खोलीत नेली, गरम टोक ३१ वर स्थिर आहे. लपायला दोन अरुंद डबे ठेवले. आर्द्रता ३४ टक्के निघाली!

ब्रीडरशी बोलले. ती जिवंत हॉपरच खात होती. फ्रोझन तिनं कधी पाहिलेलाच नाही.

आता एक नवीन गोष्ट. आज सकाळी तिचे डोळे निळसर, दुधाळ दिसले आणि पोटाचा रंग गुलाबी वाटला. शनिवारी गरम केलेला हॉपर द्यायचं ठरवलं होतं. देऊ का?

प्रतिसाद (वर्धेहून)

नका देऊ. कात टाकायची तयारी आहे ताई. या दिवसांत तिला नीट दिसत नाही, अंग हुळहुळं असते, खाणारे सापही तोंड फिरवतात. एका डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) घाला, पाणी गळणार नाही इतपत पिळून. आर्द्रता ७० पर्यंत न्या. डोळे आधी स्वच्छ होतील, मग तीन-चार दिवसांत कात पडंल. कात अखंड निघाली का पाहा, डोळ्यांवरची अन् शेपटीच्या टोकाची तर नक्की पाहा. नंतर दोन दिवस जाऊ द्या, वजन घ्या, अन् मग हॉपर द्या. कात टाकल्यावर भूक बहुतेक वेळा उघडते. खाल्लं की ४८ तास हात लावायचा नाही. वजन इथं लिहा, आम्ही बघतो.