विषय: सोलापूरचं मॉडेल विमानांचं मैदान, धावपट्टीवर अंथरायचं काय?

सगळ्यांना नमस्कार,

सोलापूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मैदान करायचं ठरलं, पट्टी ६० मीटर बाय ८ मीटर. डांबर आपल्याला परवडणारं नाही. इकडे अमेरिकेत बरेच क्लब पेट्रोमॅट अंथरतात, म्हणजे डांबरी रस्त्याच्या नव्या थराखाली घालतात ते न विणलेलं पॉलिप्रॉपिलीनचं कापड. गवत बारीक कापायचं, कापड ताणायचं, खिळे ठोकायचे की झालं. सोलापूरकडे शेततळ्याचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरतात ते प्लास्टिक, सहज मिळतो. तोच अंथरला तर? काका, तुम्ही रस्त्यांच्या कामात आयुष्य काढलंय, सांगा.
सचिव

---

चि. सचिव,

शेततळ्याचा कागद अजिबात नको. त्यातून पाणी जात नाही म्हणूनच तो तळ्यात घालतात. पावसात निसरडा होईल आणि एप्रिल-मेच्या उन्हात प्रसरण पावून त्याला वळ्या पडतील. दोन-तीन इंची चाकाचं विमान अशा वळीला अडलं की नाकावरच आपटणार. अंथरायचंच तर नर्सरीवाले तण दाबायला वापरतात ती विणलेली वीड मॅट घ्या, यूव्ही सोसणारी. पाणी तिच्यातून झिरपतं.

पण कापड ही नंतरची गोष्ट. तिकडे त्याच्याखाली हिरवळ असते. गवत कापडातून वर येतं आणि मुळंच त्याला धरून ठेवतात. सोलापुरात मे महिन्यात कुठली हिरवळ? त्यात जमीन काळी असली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. त्यावर पातळ काँक्रीट ओतलंत तरी तडकणार, पैसे पाण्यात. म्हणून आधी मुरमाड माळ शोधा. (नान्नजच्या बाजूला शोधू नका, तिथे माळढोकांचं अभयारण्य आहे.)

हिशेब सांगतो. दबून चार इंचांचा थर हवा, म्हणजे ४८ घनमीटर. सैल मुरूम दबताना बसतो, म्हणून ६० धरा. साधारण २१ ब्रास झाले (ब्रास म्हणजे १०० घनफूट). काळ्या मातीवर थर दुप्पट, हिशेबही दुप्पट. पाणी मारून रोलर फिरवायचा, कोरडा रोलर म्हणजे नुसती धूळ. पट्टी मधोमध चार बोटं उंच, दोन्ही कडांना उतार आणि कडेने चर. परतीचा पाऊस एका रात्रीत काय करतो ते तुम्ही विसरला असाल, मी नाही.

पट्टी पूर्व-पश्चिम ठेवा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो. उडवणाऱ्याने दक्षिणेच्या कडेला उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ऊन डोळ्यांत येत नाही.

मॅट दोन मीटर रुंदीची मिळाली तर पाच पट्टे लांबीला लावा, वीतभर एकमेकांवर. मधला पट्टा नेहमी बाजूच्या पट्ट्यावर चढवायचा, कौलं घालतात तसा, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता घसरून जातं. कडा चरात पुरा, नाहीतर वारा खालून शिरेल. खिळे यू आकाराचे, वीतभर लांब. डोकी दर उन्हाळ्यानंतर पुन्हा ठोकावी लागतात, वर आलेलं एक डोकं पुरतं पंखा मोडायला.
काका

---

काका, नमस्कार.

एवढं सगळं पहिल्याच वर्षी? मॅट मागाहून टाकली तर चालेल का? आणि परवानगीचं कोण बघतंय?
खजिनदार

---

खजिनदारबाई,

मी तर म्हणतो मॅट मागाहूनच टाका. मुरूम मेमध्ये दाबून घ्या आणि एक पावसाळा तसाच जाऊ द्या. कुठे खड्डा बसला, कुठे पाणी थांबलं ते दिसेल. दिवाळीच्या सुमारास भरून पुन्हा रोलर, मग मॅट. तोवर पोरं फोमची हलकी विमानं हातानेच सोडतील. डक्टेड फॅनवाली, म्हणजे नळीत पंखा बसवलेली, मात्र मुरमावर नकोत, बारीक खडे आत ओढतात.

मॅट टाकल्यावर राखणीला कोणीतरी ठेवा. उघड्या माळावर इतकं चांगलं कापड दिसलं तर कुणाच्या तरी कडब्यावर जाऊन बसेल.
काका

---

परवानगीचं मी बघितलं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं मॉडेल, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलं तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये फक्त २०० फुटांपर्यंत. २०२५ पासून सोलापूरहून पुन्हा प्रवासी विमानं जातात. आपल्याला मिळतेय ती जमीन होटगी रोडला, म्हणजे विमानतळाच्या दारातच.
सचिव

---

मग ती जमीन सोडाच. माझ्या मामेभावाचा तामलवाडीच्या अलीकडे माळ पडीक आहे, त्याला आज फोन करते. काका, तिथे जाऊन माती बघाल का? मुरूम निघाला तर मी २१ ब्रास आणि रोलर यांचं कोटेशन मागवते. मॅटचे पैसे पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून.
खजिनदार

---

रविवारी जातो. पहार घेऊन जातो, वरवर बघून काही कळत नाही.
काका