बाळांच्या डोळ्यांची तपासणी सोनोग्राफीवर भागेल का?

बार्शीकर आई
माझी जुळी ३२व्या आठवड्यात झाली. मुलगा १४५० ग्रॅम, मुलगी १३२० ग्रॅम. बावीस दिवस पेटीत होती, मुलीला ऑक्सिजन जास्त दिवस लागला. आज २६वा दिवस. डिस्चार्ज कार्डावर ‘३० दिवसांच्या आत आरओपी तपासणी’ (आरओपी म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) असं लिहिलंय, त्यासाठी सोलापूरला जायचंय, सत्तर किलोमीटर. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना होईपर्यंत बाळं बाहेर काढायची नाहीत. टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी झाली होती, ती नॉर्मल आली. मग डोळ्यांचीही सोनोग्राफी इथेच करून घेतली तर? पापण्या उघड्या ठेवायला डोळ्यांना क्लिप लावतात असं ऐकल्यापासून घास उतरत नाहीये.

सांगलीची आई
ताई, नाही भागणार. परवापर्यंत सोलापूर गाठाच.

डोक्याच्या सोनोग्राफीत मेंदूतला रक्तस्राव वगैरे कळतो, डोळ्याच्या पडद्याचं काही कळत नाही. डोळ्याची वेगळी सोनोग्राफी असते, पण तिच्यात पडदा जागेवर आहे की सुटलाय एवढंच दिसतं. पडदा सुटेपर्यंत थांबलो तर हातात फार थोडं उरतं. आरओपी सुरू होतो पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत. त्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढायला लागतात आणि कडेपर्यंत पोचायला पूर्ण दिवस लागतात. बाळ आधी आलं की कड रिकामी राहते, मग तिथे भलत्याच नाजूक वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढतात. त्या वाहिन्या बाहुली मोठी करून प्रत्यक्षच बघाव्या लागतात.

माझी लेक ३०व्या आठवड्यातली, ११८० ग्रॅमची. १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच बघायचे असतात. आम्हाला एकतिसाव्या दिवशी, घरी सोडताना सांगितलं. तेहेतिसाव्या दिवशी तपासलं तेव्हा आजाराची तिसरी पायरी होती, रक्तवाहिन्या फुगून नागमोडी झालेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेझर झालं. आज ती पहिलीत आहे, उणे पाचचा चष्मा लावून फळ्यावरचं उतरवून घेते. ते दोन आठवडे आधी मिळाले असते तर, हे अजून मनातून जात नाही. तुमच्या कार्डावर वेळेत लिहून मिळालंय.

क्लिपचं खरं आहे. बाळ रडतं, आपणही रडतो. डोळा बधिर करणारे थेंब आधी घालतात आणि काम काही मिनिटांत होतं. मी दाराबाहेर थांबले होते, तुम्ही जमलं तर आत थांबा. बाहेर उभं राहणं जास्त अवघड जातं.

निवृत्त परिचारिका
नवजात विभागात बरीच वर्षं काम केलंय. वर लिहिलंय ते बरोबर आहे. सोनोग्राफी आम्ही डोळ्याच्या आत रक्त साचलं असेल किंवा बुबुळ धूसर असेल, म्हणजे आतलं दिसतच नसेल, तेव्हा सांगायचो.

निघताना एवढं करा: तपासणीच्या तासभर आधी दूध पाजू नका, नाहीतर उलटी होते. टोपी-मोजे घाला, गाडीत छातीशी धरून बसा. डिस्चार्ज कार्ड न्या. आणि दोन्ही बाळं न्या. मुलगा धट्टाकट्टा दिसतो म्हणून त्याला घरी ठेवू नका. एका तपासणीत संपत नाही, पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

कर्नाटकात २००८पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूचे डॉक्टर ते बघतात. आपल्याकडेही गावोगावी असं व्हायला हवं, सत्तर किलोमीटर बाळंतिणीने का जावं?

बार्शीकर आई
काल जाऊन आलो. मुलाच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायच्या आहेत, पण आजार नाही. दोन आठवड्यांनी बोलावलंय. मुलीला दोन्ही डोळ्यांत दुसरी पायरी आहे. लेझर आत्ता नको, पण आठवड्याच्या आत पुन्हा बघायचं म्हणाले. मी आत थांबले. सासूबाईंना सांगलीच्या ताईंचं उत्तर वाचून दाखवलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत, सकाळी स्वतःच मुलीला दुपट्यात गुंडाळून गाडीत बसल्या. येत्या बुधवारीही त्याच येणार आहेत.