बिलावर एक लेन्स, खोक्यात दोन: दुकानाच्या चुकीने आलेली वस्तू ठेवून घ्यावी का?

मूळ धागा

सहा दिवसांपूर्वी मी मागवलेली कॅमेऱ्याची लेन्स घरी आली. बाहेरचे खोके उघडले तर आत एकसारख्या दोन पेट्या, दोन्ही सीलबंद. बिल तीनदा वाचले. त्यावर "नग: १" असेच छापलेले आहे आणि माझ्या खात्यातून पैसेही एकाच लेन्सचे गेले आहेत. दोन्ही पेट्यांवरचे अनुक्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर फक्त शेवटचा आकडा वेगळा आहे. म्हणजे फडताळात एकाला एक लागून असलेल्या या पेट्या भरणाऱ्याच्या हातात एकदम आल्या असाव्यात. एक मी वापरायला काढली, दुसरी कपाटात तशीच ठेवली आहे.

घरात यावर दोन तट पडले आहेत. "चूक त्यांची आहे, आपण काही चोरी केलेली नाही," असे थोरल्या भावाचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या मते इथे घटना एक नसून दोन आहेत. लेन्स माझ्याकडे येणे ही पहिली घटना. ती दुकानाची चूक आहे आणि तिचा दोष माझ्याकडे येत नाही. लेन्स माझ्याकडे राहणे ही दुसरी घटना, आणि ती चूक नाही, तो निर्णय आहे. बिल आणि पेट्या ताडून पाहिल्या त्या क्षणी पहिली घटना संपली. त्यानंतर वस्तू कपाटात जितके दिवस पडून राहील, ते दिवस माझ्या खात्यावर जमा होतात. "चूक त्यांची" हे वाक्य पहिल्या घटनेबद्दल खरे आहे, पण आपण ते दुसरीला लावतो.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की चुकीने दिले गेलेले पैसे किंवा चुकीने पोहोचलेली वस्तू ज्याच्याकडे गेली असेल, त्याने ती परत केली पाहिजे. चूक कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे ते कलम विचारत नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली एक प्रकरण गाजले. एका कामगाराच्या पगाराच्या पाकिटात चुकून जास्त रक्कम गेली आणि ती त्याने ठेवून घेतली, पण पाकीट हातात घेताना त्याला हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याच्यावर चोरी लागू शकली नाही. ही फट पुढे १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने बुजवली. परत करण्याचे बंधन असताना ती वस्तू मूळ मालकाचीच समजली जाईल, अशी तरतूद त्यात आली. दुसऱ्या घटनेलाही स्वतंत्र वजन आहे, हे मान्य करायला कायद्याला बारा वर्षे लागली.

मोह मला झाला नाही असे मी म्हणणार नाही. त्या लेन्सचे मोल माझ्यासाठी मोठे आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे, आणि माझी असहमती लोभातून आलेली नाही, हे आधीच सांगतो.

कायद्याने परत करण्याचे बंधन येते, हे मला मान्य आहे. दुकानाने मागितली तर त्याच दिवशी द्यावी, याबद्दलही वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. दुकानाची चूक शोधणे, ती त्यांना कळवणे, पुन्हा खोके बांधणे, कोणी घ्यायला येईल म्हणून दिवसभर घरी थांबणे, हे सगळे काम ग्राहकाच्या गळ्यात कोणत्या न्यायाने पडते? माल मोजून देणे हा दुकानदाराचा व्यवसाय आहे, त्या मोजणीचा खर्च धरूनच तो किंमत लावतो आणि मोजणीत कधीमधी चूक होणार हेही त्याच्या हिशेबात असते. याउलट ग्राहक चुकला, म्हणजे चुकीचा माप मागवला किंवा परतीची मुदत एका दिवसाने हुकली, तर हेच दुकान अटींचा कागद पुढे करते. एका बाजूची चूक अटींप्रमाणे मोजायची आणि दुसऱ्या बाजूची सद्गुणांप्रमाणे, ही असमानता मला नैतिक वाटत नाही.

म्हणून माझी भूमिका अशी आहे की वस्तू न वापरता जपून ठेवावी, विकू नये, मागणी आली की द्यावी. पण आपण होऊन कळवण्याचे कर्तव्य ग्राहकावर लादू नये. शिवाय न मागवता आलेली वस्तू भेट समजून ठेवता येते, असा कायदा काही देशांत आहे, त्याचाही विचार व्हावा.

प्रतिसाद २

मी नऊ वर्षे एका मोठ्या दुकानाच्या कोठारात काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाला काय घडते ते सांगू शकते.

अनुक्रमांक असलेल्या वस्तूची तूट महिनाअखेरच्या मोजणीत उघडी पडते. यादीत वस्तू आहे आणि फडताळात नाही. मग दोघेजण शिडी लावून प्रत्येक कप्पा पुन्हा तपासतात, शेजारच्या रांगेत चुकून गेली का ते पाहतात, त्या आठवड्यात माल भरण्याच्या टेबलावर कोण कोण होते याची नोंद काढली जाते. चुकून ग्राहकाकडे गेली असेल, असा विचार कोणाच्या मनात सर्वांत शेवटी येतो. त्याआधी कोणाच्या पिशवीत गेली, हा विचार येतो. माझ्याबरोबरच्या एका मुलाला अशाच एका तुटीनंतर दुसऱ्या विभागात हलवले. आरोप कोणी केला नाही, फक्त त्याला महागड्या मालाजवळ पुन्हा उभे केले नाही. पाच महिन्यांनी ती वस्तू एका ग्राहकाने परत आणून दिली, तोवर तो नोकरी सोडून गेला होता.

नुकसान पगारातून कापणे ही कल्पनाही दूरची नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानेच, कामगाराच्या ताब्यात सोपवलेला माल त्याच्या हयगयीमुळे गहाळ झाला तर कपात करण्याची मुभा मालकाला दिली होती. त्यामुळे पहिल्या प्रतिसादात ज्याला "दुकान" म्हटले आहे, ते प्रत्यक्षात त्या दिवशी टेबलावर उभे असलेले एक माणूस असू शकते. मागणी येईपर्यंत थांबायचे म्हटले, तर ते माणूस त्या सगळ्या काळात संशयाखाली राहते.

प्रतिसाद ३

धाग्यातील उदाहरण सोपे आहे, कारण बिल आणि वस्तू यांत सरळ तफावत आहे. खरी अडचण त्याच्या पलीकडे आहे.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरो या रोमन विचारवंताने कर्तव्यांवर जे लिहिले, त्याच्या तिसऱ्या भागात हेच कोडे आहे. एखादा माणूस पितळ समजून सोने विकत आहे. सज्जन ग्राहकाने त्याला सांगावे, की हजार नाण्यांची वस्तू एका नाण्याला घेऊन जावी? डायोजेनीस आणि अँटिपेटर या स्टोइक पंथाच्या दोन ग्रीक तत्त्वज्ञांमधला मतभेदही त्याने तिथेच नोंदवला आहे. चांगली समजून घेतलेली नाणी खोटी आहेत असे नंतर कळले, तर ती देणे चुकवताना खपवावीत का? डायोजेनीस हो म्हणतो, अँटिपेटर नाही म्हणतो. धागालेखकाच्या दोन घटना त्या नाण्यांच्या उदाहरणात जशाच्या तशा आहेत.

पण सोने-पितळेचे काय? जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला दुर्मीळ आवृत्ती दिसली आणि विक्रेत्याने रद्दीचा भाव सांगितला, तर मी त्याला शिकवत बसावे का? ती पारख मला वर्षानुवर्षांच्या वाचनाने आली आहे. विक्रेत्याला ठाऊक नाही ते ग्राहकाला ठाऊक असण्यात गैर काही असेल, तर सगळा बाजारच गैर ठरेल. तेव्हा "चूक लक्षात आली की गप्प बसणे अनैतिक" हे तत्त्व इतके सरसकट मांडता येत नाही. मला स्वतःला ही रेघ कुठे ओढावी हे अजून नीट सापडलेले नाही.

प्रतिसाद ४

तिसऱ्या प्रतिसादातील रेघ शोधायला सिंगापूरचा एक निकाल उपयोगी पडतो. २००३ साली तिथल्या एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलर किमतीचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी मिळून तब्बल १,६०६ प्रिंटरांची मागणी नोंदवली. विक्रेत्याने माल देण्यास नकार दिल्यावर ते न्यायालयात गेले आणि हरले. २००५ साली अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. किंमत चुकीची आहे हे त्यांना माहीत होते, म्हणून करारच झाला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

यावरून मला असे वाटते की दुर्मीळ पुस्तकाच्या विक्रेत्याने आपला भाव स्वतः ठरवलेला असतो. त्याची पारख कमी पडते, पण त्याची इच्छा आणि त्याची कृती यांत अंतर नसते. ते पुस्तक त्या भावात देण्याची त्याची खरोखर तयारी असते. प्रिंटरच्या बाबतीत बोट घसरले. लेन्सच्या बाबतीत हात घसरला. जे द्यायचे समोरच्याच्या मनातच नव्हते, ते घेऊन ठेवणे याला व्यवहार म्हणता येणार नाही, कारण व्यवहाराला दोन मने लागतात आणि इथे एकच आहे. अनोळखी माणसाशी खरेदी-विक्री करताना आपण ज्या भरवशावर पैसे आधी देतो, तो भरवसा याच गोष्टीवर उभा आहे.

प्रतिसाद ५ (पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

दुसऱ्या प्रतिसादाने मला थांबायला लावले, हे मान्य करतो. मात्र मालकाने तुटीचा भार कामगारावर टाकणे हा मालकाचा अन्याय आहे. त्याची भरपाई ग्राहकाच्या सचोटीने व्हावी, असे म्हणणे मला अजूनही जड जाते. आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, हेही पाहायला हवे. बहुतेकजण गप्प बसतात, असे मला वाटते.

धागालेखक

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. २०१९ मध्ये "सायन्स" नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक "हरवलेली" पाकिटे बँका, टपाल कार्यालये, हॉटेले अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवली गेली. पैसे नसलेल्या पाकिटांच्या सुमारे ४० टक्के मालकांशी संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५१ टक्क्यांवर गेले. मोह वाढला तशी सचोटीही वाढली. स्वतःला चोर म्हणून पाहावे लागणे माणसांना सोसत नाही, असे संशोधकांचे त्यावरचे एक स्पष्टीकरण आहे. पाकिटाला मालकाचे नाव असते आणि दुकानाला चेहरा नसतो, हा फरक मी नाकारत नाही. पण दुसरा प्रतिसाद वाचल्यावर त्या पेटीला माझ्यापुरता तरी चेहरा आला आहे.

न मागवलेल्या वस्तूंच्या कायद्याबद्दल सांगायचे तर ब्रिटनमधला १९७१ चा कायदा काही विक्रेत्यांच्या एका युक्तीवर केलेला होता. मुद्दाम वस्तू पाठवायची आणि मग पैशांचा तगादा लावायचा, अशी ती युक्ती होती. तिथे पाठवणाऱ्याचा हेतू वाईट असतो, इथे हेतूच नव्हता. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

श्रमाचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटला, आणि त्यातून माझ्या मताला मुरड बसली. परत करणे माझे कर्तव्य आहे. परतीचा खर्च आणि खटाटोप माझा नाही. परवा मी दुकानाला बिलाचे आणि दोन्ही पेट्यांचे छायाचित्र पाठवून कळवले. पहिले उत्तर आले की "कृपया आपल्या खर्चाने पाठवा." मी नम्रपणे नकार दिला, वस्तू सीलबंद आणि सुरक्षित आहे असे लिहिले, आणि त्यांनी स्वतः घेऊन जावी म्हणून दोन आठवड्यांची मुदत सुचवली. तसेच पेटी भरणाऱ्यावर कारवाई होऊ नये, अशी विनंतीही जोडली. तिचा उपयोग होईल की नाही, ते माझ्या हातात नाही.

प्रतिसाद ६ (पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

आपल्या खर्चाने पाठवायला सांगितले, यात मला आश्चर्य वाटले नाही. समजा दोन आठवडे उलटले आणि कोणी आलेच नाही, तर ती लेन्स आपली होते का?

धागालेखक

नाही होत, असे मला वाटते. मुदत संपली म्हणून मालकी फिरत नाही. मी पुन्हा एकदा लेखी कळवेन आणि तोवर पेटी उघडणार नाही. मात्र त्यापुढे किती वर्षे कपाटातली जागा अडवून ठेवायची, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही, आणि तिथे आपल्या मुद्द्याला मी जागा देतो.

सुदैवाने तसा प्रसंग येणार नसावा. आज सकाळी दुकानातून फोन आला होता. त्यांचा माणूस शुक्रवारी दुपारी येणार आहे. त्याच्याकडून पोच घेताना तीवर अनुक्रमांक लिहून घेणार आहे, म्हणजे कोठाराच्या यादीत नेमकी कोणती पेटी सापडली ते त्यांना कळेल.