हवेतून मारा करणारा की हवेतून सोडलेला?

वेंगुर्ल्याहून: एअर-लाँच्ड कॉम्बॅट ड्रोनला मराठीत काय म्हणायचं? कुठेतरी 'हवेतून मारा करणारे ड्रोन' वाचलं, पण लढाऊ ड्रोन मारा हवेतूनच करणार ना, पाण्याखालून थोडाच?

रत्नागिरीहून: एअर-लाँच्ड म्हणजे विमानाखाली अडकवून न्यायचा आणि उडता उडता सोडायचा. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेचा लाँगशॉट ड्रोन घ्या, २०२१ मध्ये जनरल अॅटॉमिक्स, लॉकहीड मार्टिन आणि नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपन्यांना डिझाइनचं काम दिलं होतं. पायलटचं विमान लांब मागे राहणार, ड्रोन पुढे शत्रूजवळ जाणार आणि तिथून स्वतःकडचं क्षेपणास्त्र समोरच्या विमानावर सोडणार, म्हणजे आधी ड्रोन सुटतो, मग त्यातून क्षेपणास्त्र, म्हणून ड्रोनलाच क्षेपणास्त्र म्हटलं की पुढच्या वाक्यात पंचाईत होते. 'विमानातून सोडायचा लढाऊ ड्रोन' लिहा. लांब आहे, पण घोळ नाही.

मालवणहून: अरे पण तो परत येतलो की नाय?

रत्नागिरीहून: आला काय नि न आला काय, ड्रोनच. डार्पाच्याच ग्रेमलिन्स प्रकल्पात २०२१ ला सी-१३० मालवाहू विमानाने उडता ड्रोन हवेतच परत पकडला होता.

वेंगुर्ल्याहून: मग लॉयल विंगमन, म्हणजे लढाऊ विमानासोबत उडणारा ड्रोन? 'निष्ठावान सहवैमानिक' चालेल?

देवगडहून: अजिबात नाही! सहवैमानिक म्हणजे को-पायलट, एकाच कॉकपिटात बसणारा. विंगमन वेगळ्या विमानात असतो, लीडरच्या बाजूला जरा मागे. मी सरळ 'साथीदार ड्रोन' लिहितो. आणि प्रत्येक साथीदार काही एअर-लाँच्ड नसतो हां, एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीचा कॅट्स नावाचा साथीदार ड्रोनचा प्रकल्प आहे, त्यातल्या वॉरियरचं मॉडेल २०२१ च्या एअरो इंडिया प्रदर्शनात दाखवलं, तो रनवेवरून उडायचा आहे. त्याच कॅट्समधला अल्फा मात्र विमानाखालून सुटणार आणि पुढे जाऊन छोट्या ड्रोनचा थवा सोडणार. पेपरवाले दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात.

मालवणहून: साथीदार ड्रोनाक गलबत म्हणा की! आंग्र्यांच्या आरमारात मोठी गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, नि सोबत गलबतां असत.

देवगडहून: नाव झकास, अर्थ उलटा. गलबतात माणसं भरलेली, आणि वारा पडला की गलबतंच वल्ही मारत गुराबेला ओढून न्यायची. इथे मोठं विमान लहानाला नेतंय.

वेंगुर्ल्याहून: मदरशिपचं, म्हणजे ड्रोन नेणाऱ्या विमानाचं तेवढं सांगा, 'मातृविमान' कसंतरीच वाटतं.

रत्नागिरीहून: वाहक विमान.

मालवणहून: ह्यां बरां.