गांधीनगरातून माल आणून विकायचाय, कोणता माल टाळावा?

रंकाळाकर_७
नमस्कार मंडळी. हातात ४० हजार भांडवल आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल पेठेतून माल उचलून थोडा ऑनलाइन, थोडा आठवडी बाजारात विकायचा विचार आहे. डोक्यात आहेत त्या वस्तू: लेडीज कुर्त्या, कोल्हापुरी चप्पल, मोबाईलचे चार्जर, लहान मुलांची खेळणी आणि गूळ. माल ठेवायला राजारामपुरीत घरातलीच १० बाय १० ची खोली आहे. काय घ्यावं हे सगळेच सांगतात. काय घेऊ नये आणि का, ते कुणी नीट सांगेल का?

हिशेब_वही
भावा, खरेदी आणि विक्री यातला फरक म्हणजे नफा, असं धरून माल निवडू नको. दहा ऑर्डरींचा हिशेब मांड, मग माल निवड.

कुर्तीचंच घे. २२० ला घेतली, ४४९ ला कॅश ऑन डिलिव्हरीवर लावली. दहा ऑर्डरी गेल्या, त्यातल्या तीन परत आल्या असं धरू. सात खपल्या, म्हणजे ३१४३ रुपये आले. त्या सातांची खरेदी १५४०. दहांचं पॅकिंग ८ रुपयांप्रमाणे ८०. जायचं कुरिअर ६५ प्रमाणे ६५०, तीन परत यायचे ७५ प्रमाणे २२५. कमिशन दहा टक्के धरलं तर ३१४. हातात राहिले ३३४. परत आलेल्या तिघींतली एक डाग पडून किंवा टॅग तुटून आली की तिचे २२० गेले. उरले ११४. दहा ऑर्डरींत एकशे चौदा रुपये, आणि यात जीएसटी धरलेलाच नाही. तुझ्या प्लॅटफॉर्मचे दर वेगळे असतील, आकडे बदलून बघ, पण परतीचा रकाना गाळू नकोस.

म्हणून ऑनलाइनसाठी पहिला टाळायचा माल म्हणजे अंगावर बसावा लागतो तो: फिटिंगच्या कुर्त्या, ब्लाउज, जीन्स. माप चुकलं की परत, रंग फोटोपेक्षा वेगळा वाटला की परत. हाच माल आठवडी बाजारात चालतो, कारण बाई हातात घेऊन, अंगाला लावून बघते. ऑनलाइन कापडच विकायचं असेल तर मापाची भानगड नसलेलं बघ: ओढणी, टॉवेल, बेडशीट.

दुसरा टाळायचा माल म्हणजे हलका पण मोठा. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्याचं वजन ४.८ किलो धरलं जातं, आत अर्ध्या किलोचा टेडी असला तरी. उशा, प्लास्टिकच्या टोपल्या, मोठी खेळणी यांत नफा असा जातो. शिवाय तुझी खोली चार दिवसांत भरेल ते वेगळंच.

इचलकरंजीहून स्वस्त कापड आणायचा मोह होईल. ग्रे कापडाचे, म्हणजे मागावरून निघालेल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचे तागे उचलू नको. त्यावर प्रोसेसिंग झाल्याशिवाय ते गिऱ्हाईकाच्या कामाचं नसतं, आणि थोड्या मालाचं प्रोसेसिंग परवडत नाही.

वादी_आणि_तळ
चपलेपुरतं सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात.

पहिली अडचण नंबरांची. एका डिझाईनचे ६ ते १० असे पाच नंबर आणि दोन रंग घेतले की दहा जोड झाले. मधले नंबर खपतात, कडेचे पडून राहतात. पाच डिझाईन घेतल्या तर ५० जोड, आणि तुमचं निम्म्याहून जास्त भांडवल त्यात जाईल.

दुसरी पावसाळ्याची. झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं ओल ओढतं. जून ते सप्टेंबर बंद खोलीत ठेवलं की बुरशी धरते. प्लास्टिक पिशवीत बांधलं तर आणखी लवकर, कारण आतली ओल बाहेर जात नाही. कागदात किंवा सुती पिशवीत, भिंतीपासून लांब, फळीवर ठेवावं लागतं. मे महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून साठा करू नका.

तिसरी नावाची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठराविक भागातल्या मालालाच लावता येतं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. रेक्झिनची किंवा दुसरीकडून आलेली मशीनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. घेताना तळ पालथा करून बघा. अस्सल जोड चामड्याच्या वादीने, म्हणजे बारीक पट्टीने, शिवलेला असतो. नुसता चिकटवलेला तळ आणि वरून खोटी शिवण दिसली तर ठेवून द्या. कारागिराकडून पक्कं बिल घ्या. आपल्याच गावच्या पायताणाचं नाव खराब करणारा माल आपण तरी विकू नये.

कागद_आधी
तुमच्या यादीतले चार्जर आणि खेळणी, दोन्ही सध्या काढून टाका. मागणी आहे, पण स्वस्त लॉटमधला बराच माल विकण्यालायकच नसतो.

चार्जर आणि पॉवर बँकला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीची नोंदणी लागते. वस्तूवर मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. खोक्यावर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरंच, असं असेल तर माल घेऊ नका. पॉवर बँकमध्ये लिथियम बॅटरी असल्याने विमानाने पाठवायलाही बंधनं आहेत.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक बघा. सुट्या पिशवीतली, कुणी बनवली त्याचा पत्ता नसलेली खेळणी जप्त झाली तर होलसेलवाला पैसे परत देत नाही. प्रेशर कुकर आणि हेल्मेट यांनाही आयएसआय सक्तीचं आहे.

कोणत्याही बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क लागतो. गोरं करणारी क्रीम, केस वाढवणारी तेलं यांवर हे नसेल तर हातही लावू नका. औषधं विक्रीच्या परवान्याशिवाय विकताच येत नाहीत.

‘फर्स्ट कॉपी’ घड्याळं, बूट, परफ्यूम अजिबात नको. ट्रेडमार्क कायद्यात नकली माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, बनवणाऱ्यालाच नाही. प्लॅटफॉर्म खातं बंद करतो तेव्हा त्यातलं येणं अडकतं, आणि चांगल्या मालाची विक्रीही थांबते.

गुळाची_ढेप
गुळाबद्दल थोडक्यात. खाण्याचा कोणताही माल विकायचा तर आधी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी. सीलबंद पाकीट आहे तसं विकणं सोपं. रवा (गुळाची मोठी ढेप) फोडून स्वतःच्या पिशवीत भरलात की पाकिटावर नाव, नोंदणी क्रमांक, एमआरपी आणि जबाबदारी तुमची. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढून पाझरतो, खोकं चिकट होतं आणि शेजारचं पार्सलही खराब करतं. हंगामात, थंडीच्या दिवसांत, अर्धा-एक किलोच्या सीलबंद पाकिटात चालेल. अख्खा रवा कुरिअरने पाठवायचा विचार सोडा. कांदा-लसूण चटणीलाही हेच लागू, वर तेल गळतं ते वेगळं.

रंकाळाकर_७
मनापासून आभार. मग चार्जर, खेळणी काढली. आणखी दोन विचारतो. जुने मोबाईल घेऊन विकणं कसं? आणि हुपरीची चांदीची पैंजणं?

कागद_आधी
जुना मोबाईल बिल आणि मूळ खोकं असेल तरच. *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा, खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी आयएमईआय लिहून १४४२२ ला पाठवा. ब्लॉक केलेला किंवा दुसऱ्याच मॉडेलचा निघाला तर घेऊ नका. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती ठेवा. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा चोरीचा असावा असं वाटायला कारण असताना घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायचं तर हातात कागद लागतो.

जुन्या बाजारात मूर्ती, नाणी दिसतील. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ती वाट नकोच.

हिशेब_वही
पैंजणं ४० हजारांत नको. चांदी वजनावर, टंचावर (शुद्धतेवर) आणि मजुरीवर घेतली जाते. टंच तपासायची सोय नसताना घेतलेला माल विकताना सराफ घट धरतो, आणि मजुरी तर परत मिळतच नाही. त्यात भाव रोज हलतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी (हॉलमार्कचा प्रत्येक दागिन्याचा वेगळा) क्रमांक आहे, पण तो ऐच्छिक. त्यामुळे बिनहॉलमार्क माल बाजारात असणारच, आणि तो ओळखणं नवख्याचं काम नाही.

सुरुवातीला ४० पैकी १५ हजारांचाच माल उचल. ओढण्या, टॉवेल, बेडशीट, प्रत्येकी दहा-बारा नग. गांधीनगरात बिल घेताना दोन गोष्टी दुकानदाराकडून बिलावरच लिहून घे: खराब नग किती दिवसांत बदलून देणार, आणि तोच माल पुन्हा मिळणार की हा शेवटचा लॉट. लॉट शेवटचा असेल तर ऑनलाइन लावू नको, फोटो-लिस्टिंगची मेहनत दहा नगांवर संपते. तो बाजारात काढ. आणि ऑनलाइन सुरू करण्याआधी कर सल्लागाराला भेट. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी उलाढाल कितीही कमी असली तरी लागते. राज्यातल्या राज्यात प्लॅटफॉर्मवरून विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर विकता येतं.