ऑइलचा दिवा: आधी गेज लावा

दादा, इंजिन बांधून आणलं, थंड असताना ठीक, पण कशेडी घाट चढून आल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो, असं तुम्ही लिहिलंय. कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका, ही कळकळीची विनंती.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ऑइल प्रेशर सेन्सरची (दिवा पेटवणाऱ्या स्विचची) वायर, टर्मिनल गंजतं, म्हणून सगळे आधी सेन्सर बदलतात. इग्निशन चालू ठेवून वायर काढा. दिवा तरीही पेटलेलाच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. विझला तर वायर ठीक, पण प्रेशर ठीक आहे असं नव्हे! सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज (थेट प्रेशर दाखवणारं काट्याचं मीटर) लावून, इंजिन पूर्ण गरम करून बघा. दर १००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) साधारण १० पीएसआय (प्रेशरचं माप) हा जुना ठोकताळा. खरा आकडा मॅन्युअलचा.

माझ्या टेम्पोला असंच झालं होतं. नवी बेअरिंगं, पण ऑइल पंप जुनाच बसवलेला, आणि रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) धातूचा बारीक कण अडकून तो उघडाच राहिलेला. मिस्त्री जाड ऑइल घाला म्हणत होता. ते करू नका, दोष फक्त झाकला जातो. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवाल तेव्हा स्ट्रेनरच्या (ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या) नळीचा ओ-रिंगही (रबरी कडं) बघा, तो खराब असेल तर तिथून पंप हवा ओढतो.