मदत हवी आहे: गाडी बदलू, की ट्रॅक्टरचं आधी बघू? इथेनॉल, वीज, सीएनजीचा हिशोब जुळेना

नमस्कार मंडळी,

संक्रांतीपासून आमच्या घरात एकच वाद चाललाय, जाणकारांनी सोडवायला मदत करा.

आम्ही मिरज तालुक्यातले, घरचा ऊस. मी नोकरीला कोल्हापूरला, ये-जा मिळून रोजचे शंभरेक किलोमीटर. गाडी २०१४ची, पेट्रोलवरची. ती आता बदलायची आहे. मला इलेक्ट्रिक हवीय, वडिलांना (अण्णा) मुळीच नको. त्यांचं म्हणणं, "पेट्रोलमध्ये वीस टक्के आपलाच ऊस हाय की आता. अरबाला पैसं जाण्यापरास कारखान्याला गेलेलं काय वाईट? आन् तुझी वीज येती कुठनं? कोळशातनंच न्हवं?"

कोळशाचं मान्य. पण धुराचा वाद वेगळा आणि तेलाचा वेगळा. बाहेरून येणारं तेल कमी करायचं असेल, तर विजेवरची गाडी पेट्रोलचा थेंबही पीत नाही.

उसाच्या मुद्द्यावर मात्र कागद-पेन घेऊन बसलो. उसापासून होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, पण त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात असा अंदाज आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल. म्हणजे जिथे आधी १०० लिटर लागायचे तिथे आता साधारण १०६ लागणार, आणि त्यातलं पेट्रोल ८५. वीस लिटर वाचतील म्हणता म्हणता वाचले पंधरा. तेही कमी नाहीत, पण पाण्याचं काय? त्याच अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलंय. हे वाचून दाखवलं तर अण्णा म्हणाले, "ऊस काय इथेनॉलसाठी लावतोय व्हय? त्यो लागणारच हाय." यावर मला काही बोलता आलं नाही, खोटं कशाला सांगू.

शिवाय 'आपलाच ऊस' हेही अर्धंच खरं. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करायलाच मनाई केली होती. नंतर ती थोडी सैल केली, पण तोवर मका पुढे सरकला. आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यातून येतं.

एवढं सगळं चालू असताना वहिनी डिझेलची वही घेऊन आल्या. आमच्याकडे हिशोब त्याच ठेवतात. म्हणाल्या, "भावजी, गाडीचं काय घेऊन बसलाय? ट्रॅक्टर किती पितो ते बघा." नांगरट, सरी, मग ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या खेपा... पानंच्या पानं भरलेली. देशाचंही तेच आहे म्हणा. डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, आणि इथेनॉल डिझेलमध्ये धड मिसळत नाही. सगळे पेट्रोल पंपावर भांडतायत आणि तेल जातंय शेतात, ट्रकात. माझं मत आता या बाजूला झुकलंय.

म्हणून विचारतोय. फेब्रुवारी २०२१ मध्ये गडकरींनी डिझेलचा सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर लोकांसमोर आणला होता. तसा कुणी प्रत्यक्ष शेतात वापरतंय का? भरलेल्या ट्रॉल्या चढाला ओढतो का, टाक्या कुठे बसवल्या, आणि पंप लांब असेल तर गॅस भरायला दर वेळी ट्रॅक्टर घेऊन जायचा का? काही कारखाने प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) सीएनजीसारखा चालणारा बायोगॅस करतात. तो आसपासच्या शेतकऱ्यांना मिळतो का, की सगळा कंपन्यांनाच जातो?

गाडीबद्दल: गावाकडे घरच्या मीटरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणाऱ्यांनी व्होल्टेजचं खरं खरं सांगा. आमच्याकडे संध्याकाळी पंखासुद्धा रडत फिरतो. आणि जुनीच चालवायची ठरली, तर ई-२० साठी रबरी पाइप, गॅस्केट, फ्युएल पंप यांतलं नक्की काय बदलावं लागतं? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो "काही होत नाही", गल्लीतला मेकॅनिक म्हणतो "सगळं बदला".

ता.क.: 'दोन्ही घ्या' असा सल्ला कृपया नको, सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय. अण्णांना पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी बुक करायचीय, तेवढ्याआधी काही कळलं तर बरं.